पाकीट संपलं म्हणून गोळी थांबली

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले, की मनाच्या आजारांवरच्या गोळ्यांबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. संपादकांनी पाठवलेला पत्रांचा गठ्ठा बघून आमच्या दवाखान्यातल्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, एवढ्या लग्नपत्रिका कुणाच्या?"

मिरजेत अठ्ठावीस वर्षं मानसोपचाराचा हा दवाखाना चालवतेय, तरी पत्रं वाचताना एक गोष्ट पुन्हा डोळ्यांत भरली. गोळी सुरू डॉक्टर करतात. बंद मात्र ज्याची तो करतो आणि कुणाला सांगत नाही. पाकीट संपलं म्हणून, बरं वाटलं म्हणून, लग्न ठरलं म्हणून, वारी आली म्हणून. त्याबद्दलचीच पत्रं आज जास्त घेतली आहेत. गावं बदलली आहेत, मजकूर कापून छोटा केला आहे. आणि तुमची चिठ्ठी, तुमचे रिपोर्ट माझ्यासमोर नाहीत, तेव्हा डोस ठरवायचं काम तुमच्या डॉक्टरांचंच.

प्रश्न: मी ४१ वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. सारखं रडू यायचं, पहाटे तीनला जाग यायची, वर्गात उभं राहवेना. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी एसिटालोप्रॅम १० मिलिग्रॅम सुरू केली. दीड महिन्यात फरक पडला, चार महिन्यांत पहिल्यासारखी झाले. सुट्टीत माहेरी गेले, तिथं पाकीट संपलं, म्हटलं आता काय गरज. चौथ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात करंट बसतो, गरगरतं, भलभलती स्वप्नं पडतात. सासूबाई म्हणतात, "बघ, म्हटलं नव्हतं मी, सवय लागते?" परत घेतली तर जन्मभर सुटणार नाही का?
— एक शिक्षिका, इस्लामपूर

उत्तर: ताई, करंट हा शब्द तुम्हाला आपोआप सुचला ना? मलाही तोच सुचला होता.

२००९ साली वडील गेल्यानंतर मी स्वतः सरट्रालिन ५० मिलिग्रॅम घेत होते. पुण्याच्या एका मैत्रिणीने, म्हणजे माझ्याच क्षेत्रातल्या डॉक्टरने, चिठ्ठी दिली. आणि ही मानसोपचारतज्ज्ञ बाई गोळ्या आणायला बसने कोल्हापूरला जायची, कारण मिरजेतल्या मेडिकलवाल्यांना कळलं तर पेशंट काय म्हणतील! रोज पेशंटना "यात लपवण्यासारखं काय आहे" असं ऐकवणारी मी. असो. त्या वर्षी नागपूरला लग्नाला गेले आणि पाकीट घरी मिसळणाच्या डब्यामागे राहिलं. तिसऱ्या दिवशी मांडवात कुणीतरी हाक मारली म्हणून डावीकडे बघितलं, तर डोळे फिरवताच कवटीच्या आत झर्रकन वीज गेल्यासारखं झालं. दुखत नाही, पण भीती वाटते. अक्षता हातातच राहिल्या. पुस्तकात वाचलेलं, पेशंटकडून ऐकलेलं, आणि तरीही पहिला विचार मनात आला तो ब्रेन ट्यूमरचा.

हे व्यसन नाही. व्यसनात त्या पदार्थाची ओढ लागते, मात्रा वाढवत न्यावी लागते, मिळाला नाही तर माणूस तो शोधत फिरतो. तुम्ही तर माहेरी गोळी विसरूनच गेलात! झालं ते असं, की मेंदूने सहा महिने त्या गोळीला धरून आपली घडी बसवली होती. गोळी एकदम गेली आणि नवी घडी बसायला त्याला वेळच मिळाला नाही. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन एकदम थांबवली तर हा त्रास सगळ्यात जास्त होतो. फ्लुओक्सेटिनमध्ये सगळ्यात कमी, कारण ती अंगातून निघायलाच काही आठवडे घेते. तुमची गोळी मधल्या गटातली. बहुतेकांचा त्रास आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो, काहींचा लांबतो.

आता काय करायचं? डॉक्टरांना आजच फोन करा आणि खरं सांगा. "एक-दोन दिवस चुकली असेल" असं नाही, तर "अमुक तारखेपासून बंद आहे" असं. बहुधा ते तीच गोळी परत सुरू करतील आणि करंट एक-दोन दिवसांत थांबेल. गोळी सोडायची वेळ अजून आलेली नाही. नैराश्य पहिल्यांदाच आलं असेल तर पूर्ण बरं वाटल्यानंतर पुढे सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात, दोन-तीनदा येऊन गेलं असेल तर निदान दोन वर्षं. हे महिने गोळी सुरू केल्या दिवसापासून मोजायचे नसतात, बरं वाटल्या दिवसापासून मोजायचे असतात. इथं बहुतेक जणांची गल्लत होते.

सासूबाईंवर रागावू नका. त्यांच्या पिढीने झोपेच्या गोळ्यांची सवय लागलेली माणसं बघितली आहेत, त्यावरून त्या बोलतात. तो विषय खाली येतोच आहे.

तुमच्या पत्रात तळाशी एक ओळ होती: "ही गोळी नक्की करते काय?" पूर्वी मी चिठ्ठीच्या मागे चित्र काढून सांगायचे. ही पाण्याची टाकी, हे त्यातलं सिरोटोनिन, म्हणजे मेंदूतलं एक रसायन, ते कमी झालंय, गोळी टाकी भरते. पेशंटना ते पटायचं. आता मी ते चित्र काढत नाही, कारण ते फार सोपं आहे आणि पुरतं खरं नाही. गोळी घेतल्यावर काही तासांत सिरोटोनिनवर परिणाम होतो, मग बरं वाटायला दोन ते चार आठवडे का लागतात? टाकी भरल्या भरल्या नळाला पाणी यायला हवं ना? मधल्या काळात पेशी एकमेकींशी जुळवून घेतात असं मानतात, पण सगळा उलगडा झालेला नाही. गोळीचा उपयोग होतो की नाही, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर बऱ्यापैकी पक्कं आहे. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नैराश्यावरच्या २१ औषधांचा एकत्र अभ्यास आला. ५२२ चाचण्या, एक लाख सोळा हजारांवर पेशंट. एकवीसच्या एकवीस औषधं नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली. फरक सरासरीने मध्यमच होता, जादू नव्हे. पण पहाटे तीनला उठून बसणाऱ्या बाईला मध्यम फरकही केवढा मोठा असतो, ते तुम्हाला मी काय सांगायचं.

जाता जाता एक मिरजेच्या माणसाला आवडणारी गोष्ट. नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक क्षयरोगाच्या दवाखान्यात सापडलं. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू इस्पितळात टीबीवर इप्रोनियाझिड देत होते. खोकला राहिला बाजूला, पेशंट वॉर्डात नाचायला लागले. वानलेसवाडीच्या टीबी सॅनिटोरियमवरून जाताना मला दर वेळी ते आठवतं. पुढे त्या औषधाने यकृताला इजा होते असं दिसलं आणि ते मागे पडलं.

प्रश्न: मुलगी १९ वर्षांची, होस्टेलवर असते. पाच दिवसांपूर्वी फ्लुओक्सेटिन सुरू केली. कालपासून जास्तच बेचैन आहे, एका जागी बसत नाही, रात्रभर येरझाऱ्या घालते. डॉक्टर म्हणाले होते की पहिले दिवस त्रास होतो. वाट बघू का?
— एक वडील, कराड

उत्तर: दादा, या पत्राला मी अंकाची वाट न बघता फोनवरच उत्तर दिलं. इथं छापतेय ते इतरांसाठी.

मळमळ, डोकं दुखणं, पोट बिघडणं याची आठ-दहा दिवस वाट बघायला हरकत नाही. जेवणानंतर गोळी घेतली की ते कमी होतं. पण पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये पहिल्या काही आठवड्यांत अशी येरझाऱ्या घालायला लावणारी तगमग सुरू झाली, किंवा जिवाचं बरंवाईट करायचे विचार आले, वाढले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली या औषधांच्या वेष्टनावर मुलांसाठी तसा ठळक इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. याचा अर्थ गोळी वाईट आहे असा नाही. डोस कमी करून किंवा औषध बदलून पुष्कळदा निभतं. पण ते बघायला पहिले काही आठवडे कुणीतरी जवळ हवं. मुलीला घरी आणा. पाकिटं तुमच्या कपाटात ठेवा, तिच्या हातात एका दिवसाचीच गोळी द्या. आणि "मरावंसं वाटतं का गं?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, असला तर बाहेर येतो. रात्री-अपरात्री डॉक्टर मिळाले नाहीत तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर मात्र फोनवर वेळ न घालवता थेट जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या.

प्रश्न: वडील ५९ वर्षांचे. मूडचा आजार आहे, कधी अतिउत्साह, कधी उदासी; नऊ वर्षं लिथियमच्या तीन गोळ्या रात्री घेतात, उत्तम चाललंय. यंदा आळंदीपासून पायी वारी करायची म्हणतात. गोळीने लघवीला जास्त होते, हात थोडे थरथरतात, म्हणून 'वारीपुरती बंद ठेवतो, माउली बघून घेतील' असा हट्ट आहे. काय करावं?
— एक मुलगा, फलटण

उत्तर: वारीला जाऊ द्या. गोळी बंद करू देऊ नका.

लिथियम एकदम थांबवलं की आजार उलटतो, आणि दबून होता त्यापेक्षा जोरात उलटू शकतो. त्यात वारीत झोपेची वाट लागते. पहाटे काकडा, दिवसभर चाल, रात्री कीर्तन आणि जागर. या आजारात झोप मोडणं ही ठिणगी असते. माझा एक जुना पेशंट वेळापूरपर्यंत नीट चालला आणि तिथून पुढे तो दिंडीलाच चालवायला लागला. दिंडीवाल्यांना वाटलं, भक्ती चढली. मला वाखरीहून फोन आला तोपर्यंत त्याने खिशातले पैसे, घड्याळ आणि चपला वाटून टाकल्या होत्या. त्यानेही गोळी 'वारीपुरतीच' बंद ठेवली होती.

आता लिथियमचं म्हणाल तर तो धातू आहे, मोबाईलच्या बॅटरीत असतो तोच, इथं क्षाराच्या रूपात. १९४९ साली जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने तो आधी गिनिपिगांना टोचला आणि मग अतिउत्साहाच्या आजाराच्या पेशंटना दिला. पंचाहत्तर वर्षं उलटली तरी या आजाराला दूर ठेवण्यात त्याची बरोबरी करणारी औषधं थोडीच. पण त्याची एक खोड आहे. औषध लागू पडायची पातळी आणि विषबाधेची पातळी यांत अंतर कमी. रक्तात साधारण ०.६ ते १ ठीक, दीडच्या वर धोका. आणि मूत्रपिंडाला लिथियम आणि मीठ यांतला फरक नीट कळत नाही. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवायला जातं आणि त्याच्यासोबत लिथियमही धरून ठेवतं. दिवे घाटाची चढण, घाम, त्यात कुणाच्या तरी सांगण्यावरून बिनमिठाचं जेवण किंवा निर्जळी उपास, की गोळी तेवढीच असून पातळी चढते.

म्हणून निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी रक्तातली लिथियमची पातळी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि थायरॉईड तपासून घ्या. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं. रात्री नऊला गोळी, तर सकाळी नऊला सुई. लॅबवाल्याला लिथियमची तपासणी आहे हे आधी सांगा, कारण रक्ताच्या एका प्रकारच्या नळीत लिथियमचंच मिश्रण असतं आणि त्यात घेतलं तर रिपोर्ट खोटा वर येतो. हे एकदा माझ्या पेशंटच्या बाबतीत झालंय. रिपोर्टचा आकडा बघून मी घाबरले आणि पेशंट समोर बसून निवांत पेरू खात होता.

वाटेत पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं. ताक, मीठ-साखर घातलेलं लिंबू पाणी चालेल. जेवणातलं मीठ नेहमीएवढंच ठेवायचं, कमी नको आणि मुद्दाम जास्तही नको. एकादशीचा उपास फराळाचा करा, पाण्यावाचून नको. पाय दुखले म्हणून वाटेवरच्या शिबिरात डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन हातावर ठेवतात, त्या नाही घ्यायच्या, त्यांनी लिथियम वाढतं. पॅरासिटामॉल घ्यावी. बीपीची गोळी चालू असेल तर तीही तुमच्या डॉक्टरांना दाखवा. लघवी जास्त करवणाऱ्या आणि नावाच्या शेवटी 'प्रिल' येणाऱ्या बीपीच्या गोळ्यांनीही पातळी चढते. जुलाब-उलट्या सुरू झाल्या, हाताची बारीक थरथर जाऊन मोठा कंप आला, जीभ जड झाली, दारू प्यायल्यासारखी पावलं पडायला लागली, तर पुढची गोळी घ्यायची नाही, थेट दवाखाना गाठायचा आणि तिथं "हे लिथियमवर आहेत" हे पहिलं वाक्य बोलायचं. एक चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवा: नाव, गोळी, तुमचा फोन नंबर. दिंडीच्या वीणेकऱ्याला सांगून ठेवा की काकांना रात्री दहाला झोपवायचं. जागर केला नाही म्हणून माउली रागावणार नाहीत.

लघवी आणि थरथर यांची तक्रार खरी आहे, ती डॉक्टरांपुढे काढा. डोस थोडा खाली आणून बघता येतो.

प्रश्न: मुलगा २४ वर्षांचा. कानात आवाज येतात, लोक आपल्यावर टपलेत म्हणतो. डॉक्टरकडे येत नाही. आम्ही दोन महिने चहातून गोळी देतोय. पहिल्यांदा झोप लागली, शांत झाला. आता चहा हुंगून बघतो, घरचं जेवतच नाही. गोळीचं नाव लिहू का?
— एक आई, जत तालुका

उत्तर: नाव कळलं तरी मी इथून मात्रा सांगणार नाही, ताई. पण तुम्हाला रागावणारही नाही. घरात रात्रभर कुणी दारं तपासत फिरत असेल तर माणूस काय वाट्टेल ते करतो.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही एका बापाला "मिसळा चहात" असं सांगितलं होतं. सोपं वाटलं. गोळी नीट विरघळली नाही, कपाच्या तळाशी पांढरे कण राहिले आणि पोराने ते बोटाने उचलून बापासमोर धरले. त्याला आधीपासून वाटत होतं की घरचे आपल्याला विष घालतायत. आम्ही त्याला पुरावा दिला! त्यानंतर दोन वर्षं तो घरात फक्त सीलबंद बिस्किटं खाऊन राहिला, तीही स्वतः आणलेली. ती चूक माझ्या खात्यावर आहे.

दुसरा धोका गुंगीचा. त्याला माहीतच नाही की गुंगीची गोळी पोटात आहे, आणि तो मोटारसायकल काढतो, दारू घेतो. आवाज आणि संशय यांवर देतात त्या गटातल्या बऱ्याच गोळ्यांनी वजन आणि साखर वाढते, ओलँझापिनने तर चांगलीच. तपासण्या कुणाच्या करणार? आणि बरं वाटलं तरी कशाने वाटलं हे त्याला ठाऊक नाही, मग पुढे तो गोळी का घेईल?

चहातलं थांबवायचं, पण तेही तुमच्या डॉक्टरांना आज भेटून, ते सांगतील तसं. मुलगा येत नसेल तर तुम्ही दोघं जा. आवाज खोटे आहेत यावर मुलाशी वाद घालू नका, त्याला ते ऐकू येतात. "तुला झोप लागत नाही, डोकं थकलंय, त्यासाठी चल" हे बहुतेकांना पटतं, कारण ते खरंच असतं. एकदा विश्वास बसला की रोजच्या गोळीऐवजी दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनंही आहेत. रोज ताटावर भांडण नको म्हणून कितीतरी मुलं ती आपणहून मागतात. आणि तो कुणाच्या अंगावर धावून जात असेल, स्वतःला इजा करत असेल, खाणंपिणं सोडलं असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्याच्या इच्छेविना, पण डॉक्टरांच्या तपासणीनंतर आणि ठरावीक मुदतीपुरतं भरती करायची सोय आहे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथं सरकारी मनोरुग्णालयं आहेत. त्याआधी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा.

मुलाने विचारलंच, "तुम्ही चहात काही घालत होता का?" तर खोटं बोलू नका. कसं सांगायचं ते डॉक्टरांसोबत बसून ठरवा, पण सांगा.

प्रश्न: माझं वय २६. तीन वर्षं व्हॅल्प्रोएट घेते, मूड स्थिर आहे. लग्न ठरलंय. आई म्हणते, लग्नापर्यंत गोळ्या बंद कर, सासरी कळायला नको.
— नाशिक

उत्तर: आईला म्हणावं, लग्नाच्या धावपळीत, जागरणात आजार उलटला तर मांडवातच कळेल.

पण तुझ्या गोळीबद्दल वेगळं आणि महत्त्वाचं काही सांगायचंय, कदाचित तुला ते कुणी सांगितलं नसेल. व्हॅल्प्रोएट चालू असताना दिवस गेले तर शंभरातल्या सुमारे दहा बाळांना जन्मजात व्यंग असतं. एरवी हे प्रमाण दोन-तीन. शिवाय अशा मुलांपैकी तीस ते चाळीस टक्क्यांची बोलणं, चालणं, शिकणं यांतली वाढ मागे राहू शकते. बाळाच्या मज्जारज्जूची नळी पहिल्या चार आठवड्यांत बंद होते, म्हणजे पाळी चुकलीय हे तुझ्या लक्षात येईपर्यंत. फॉलिक ॲसिडने हा धोका पूर्ण जात नाही. म्हणून लग्नाआधीच डॉक्टरांकडे जा, "मला पुढे मूल हवंय" असं स्पष्ट सांग आणि औषध बदलून घे. पर्याय आहेत. नवीन औषध बसायला काही महिने लागतात, तोवर गर्भनिरोधनाचं पक्कं बघा. स्वतःच्या मनाने मात्र एक गोळीही कमी करू नकोस.

नवऱ्याला सांगायचं का? माझं मत, हो, आणि साखरपुड्याच्या आधी. कायद्याच्या भाषेतही, निव्वळ आजार असला म्हणून लग्न रद्द होत नाही, पण महत्त्वाची गोष्ट लपवून फसवलं असा दावा उभा राहू शकतो. मुलाला एकट्याला भेट, हवं तर तुझ्या डॉक्टरांसमोर. ऐकून जो पळाला तो मांडवाआधी पळाला हे बरंच.

प्रश्न: आजीला (वय ७४) झोपेसाठी ११ वर्षं क्लोनाझेपाम चालू आहे. परवा न्हाणीघरात पडली. मी पाकीट फेकून दिलं. बरोबर केलं ना?
— एक नातू, सांगली

उत्तर: केराच्या डब्यातून उचल, बाबा! किंवा आजच नवं आण.

हीच ती सवय लागणारी गोळी. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, ही सगळी भावंडं. थोड्या आठवड्यांसाठी उत्तम, वर्षानुवर्षं नको. म्हातारपणी तोल जातो, विसराळूपणा वाढतो. पण अकरा वर्षांची गोळी एका रात्रीत काढली तर झोप तर उडेलच, वर झटके येऊ शकतात. डोस दर दोन-तीन आठवड्यांनी थोडाथोडा, दहा ते पंचवीस टक्के, खाली आणायचा. शेवटचा टप्पा आणखी सावकाश. सहा महिने लागले तर लागले. आजींची मूळ चिठ्ठी लॅमिनेट करून ठेवलीय असं तू लिहिलंस, ते वाचून मी हसले आणि मग वाईट वाटलं. अकरा वर्षं मेडिकलवाला तो प्लास्टिकचा तुकडा बघून गोळ्या देतोय आणि ती चिठ्ठी पंधरा दिवसांची होती.

प्रश्न: मधुमेहामुळे तळपायांची आग होते. डॉक्टरांनी ॲमिट्रिप्टिलिन १० दिली. मेडिकलमधला पोरगा म्हणाला, ही डोक्याची गोळी आहे. मी वेडा वाटलो का?
— निवृत्त एसटी कंडक्टर

उत्तर: नाही हो काका. ती जुनी नैराश्यावरची गोळी, पण एवढ्या छोट्या मात्रेत नसांच्या दुखण्यावर आणि अर्धशिशीवर देतात. तोंड कोरडं पडेल, पोट साफ व्हायला त्रास होईल. प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर डॉक्टरांना सांगा. पोराला काही सांगू नका, लहान असेल.

प्रश्न: केमिकलपेक्षा सर्पगंधा घेतली तर? नैसर्गिक आहे.
— कुडाळ

उत्तर: सर्पगंधा ही काही साधी मुळी नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरच्या तिच्या उपयोगाचा निबंध इंग्लंडच्या नियतकालिकात छापला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. तिच्यातून निघालेलं रेसर्पिन १९५० च्या दशकात मनोरुग्णालयांतही वापरलं. मग काही पेशंट त्यानेच उदास होतात अशा नोंदी यायला लागल्या. नैराश्यावर सर्पगंधा म्हणजे उलटं औषध. आणि बीपी घसरेल ते वेगळंच.

प्रश्न: जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी चालेल का?
— बऱ्याच जणांनी विचारलं

उत्तर: चालेल. मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम असतात, ते जुळवा. पुढे 'एसआर', 'ईआर' किंवा 'सीआर' (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) असेल तर तेही जुळलं पाहिजे. लिथियम किंवा फिटची गोळी असेल तर कंपनी बदलण्याआधी डॉक्टरांना कळवा.

प्रश्न: तुम्ही गोळी बंद कशी केली?
— पोस्टकार्ड, नाव नाही

उत्तर: वर लिहिलेलं अजून छापून आलेलं नाही, मग हे पोस्टकार्ड कुणाचं? कोल्हापूरच्या मेडिकलवाल्यांचं तर नव्हे?

चौदा महिन्यांनी, मैत्रिणीला विचारून. ५० ची अर्धी केली, पाच आठवडे. मग पाव, सहा आठवडे. मग पाव गोळी एक दिवसाआड करायला गेले तर करंट परत आला, म्हणून पुन्हा रोज पाव. मैत्रीण म्हणाली, "दिवस गाळू नकोस, तुकडा बारीक कर." पावाचाही अर्धा करत करत शेवटी भुगा राहिला, तेव्हा सोडली. एकूण साडेचार महिने. गोळी कापायला मेडिकलमध्ये पातं बसवलेली छोटी प्लास्टिकची डबी मिळते, ती घ्या. मी आधी विळीवर कापत होते आणि अर्धी गोळी उडून फ्रिजखाली जायची. एसआर, ईआर, सीआर लिहिलेली गोळी आणि कॅप्सूल मात्र कापायची नाही, ती कमी करायची पद्धत डॉक्टरांनाच विचारा.